कच्चं डोकं

संध्याकाळी कामावरून आल्यावर हादऱ्याच्या हातात कुणी चहा देत नसे. दिला तर अर्धा बशीत जायचा आणि अर्धा विजारीवर. दिवसभर काँक्रीट फोडायचा ब्रेकर धरलेले हात घरी आल्यावरही थरथरत राहायचे. मशीन बंद झालंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. मग तो ओट्यावर बसे, दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून धरी, आणि बायको शेजारी बसून कप त्याच्या ओठांशी नेई. एवढा बाप्या माणूस बायकोच्या हातून चहा पितो म्हणून गल्लीत टिंगल व्हायची. हादऱ्या हे नावही त्यातूनच पडलेलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. ब्रेकरच्या आवाजानं कानही निम्मे गेले होते, त्यामुळे निम्मी टिंगल आपोआप वाया जायची.

गावाच्या खालच्या अंगाला नदीवर मोठा पूल होत होता. पाणी उतरलं होतं, आणि ते परत चढायच्या आत पात्रातला पाया पाण्याच्या वर आणायचा म्हणून साइटवर नुसती घाई चालली होती. बाकीचे मजूर लांबून आलेले, पत्र्याच्या खोल्यांत राहणारे. गावातला असा हादऱ्या एकटाच. गावाला पूल हवा होता, पण पुलावर राबायला कुणी तयार नव्हतं.

त्याच्या आणि थोरल्या भावाच्या घरांमध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीला एक भगदाड होतं. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी मिळून भिंत घातली. पुढे थोरल्याची चिमी चालायला लागली आणि भिंतीपाशी येऊन काकाच्या नावानं भोकाड पसरायला लागली, तेव्हा थोरल्यानंच विटा काढून तिला वाट करून दिली. थोरला सुतार होता. चौकट बसवतो म्हणाला होता, पण सुताराच्या स्वतःच्या घराचं काम कधी होत नाही, ते तसंच राहिलं.

हादऱ्याला मूल नव्हतं. त्याबद्दल नवरा-बायको आता बोलत नसत. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि मग चिमी आली होती. ती जेवायची इकडे, झोपायची तिकडे, आणि दप्तर कुठे आहे हे दोन्ही घरांत कुणालाच माहीत नसायचं.

चहा संपायच्या सुमारास ती भगदाडातून यायचीच.

"काका, आज काय केलंस?"

"डोकी तोडली."

"किती?"

"दोन. एक कच्चं निघालं, ते ठेवलं."

चिमीला हे सगळं पाठ होतं. नदीच्या पोटात खोल भोक पाडायचं, त्यात सळयांचा पिंजरा सोडायचा आणि नळीनं काँक्रीट भरायचं. भरताना तळाचा गाळ वर वर येतो आणि टोकाच्या काँक्रीटमध्ये मिसळून बसतो. ते टोक म्हणजे खांबाचं डोकं. त्यावर ओलं गोणपाट बांधून ठेवायचं. पक्कं झालं की ब्रेकरनं फोडून काढायचं, खाली निकोप काँक्रीट लागेपर्यंत, आणि मग त्यावर पूल उभा करायचा. साइटवर सगळेच त्याला डोकं तोडणं म्हणत. तोडायच्या आधी मुकादम हातोडीनं ठोकून बघे. ठस्स वाजलं तर कच्चं आणि ठण्ण वाजलं तर पक्कं.

मग हादऱ्या बोट वाकवून चिमीच्या डोक्यावर हळूच ठोके आणि आपला बरा कान जवळ नेई. हात थरथरत असल्यामुळे एका ठोक्याचे चार व्हायचे. चिमीला तेच आवडायचं.

"ठस्स. कच्चं आहे."

"नाही, पक्कं!"

"कच्चं गं बाई. आत नुसता गाळ."

"पक्कंच आहे, परत ठोक."

"बरं. पक्कं झालं की तोडू."

चिमी खिदळायची आणि डोकं आणखी पुढे करायची. भगदाडाच्या पलीकडून वहिनी हाक मारायची, "भाऊजी, अभ्यास व्हायचाय तिचा," आणि त्या हाकेतही हसू असायचं. दिवसभर कानात जो घणघणाट साचलेला असे, तो त्या वेळी कुठे जायचा कोण जाणे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी हादऱ्या न्हाव्याकडे दाढीला बसला होता. पाठीमागे बाकावर गिरणीवाला होता. त्याची गिरणी बंद असली की तो न्हाव्याकडे येऊन बोलायचा, आणि चालू असली की गिरणीत ओरडून बोलायचा. तेवढ्यात हादऱ्याचा फोन वाजला. मुकादम दुसऱ्या दिवसाचं काम बोलून पाठवायचा, मजुरांच्या ग्रुपवर. हादऱ्यानं नेहमीप्रमाणे आवाज सगळा चढवून लावला, कारण त्याशिवाय त्याला ऐकू येत नव्हतं.

"उद्या पाच नंबरला चार डोकी तोडायची आहेत. पक्की झालीत, मी ठोकून बघितली. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. हादऱ्याला सांगा, तुकडे नदीत टाकायचे नाहीत, साहेब ओरडतात. सगळं भरून न्यायचं."

न्हाव्याचा वस्तरा गालावरच थांबला.

"हे काय काम म्हणायचं?" त्यानं विचारलं.

"जोरात बोल."

"म्हटलं, हे काय काम?"

"रोजचंच आहे," हादऱ्या फेसाआडून म्हणाला.

"परत लाव बरं," गिरणीवाला म्हणाला.

आपल्या कामात कुणाला तरी रस वाटतोय याचं हादऱ्याला बरं वाटलं. त्यानं परत लावलं. गिरणीवाल्यानं आपला फोन जवळ धरला होता, तो कशासाठी हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्यानं दाढी पुसली, पैसे दिले आणि तो घरी गेला.

त्यानंतर तो आवाज गावभर फिरला. त्याला एक फोटोही चिकटला, पैलतीरावरून कुणीतरी काढलेला: पात्रात ओळीनं उभी असलेली, गोणपाटात गुंडाळून दोरीनं बांधलेली डोकी. लांबून पाहिलं तर कुणाचंही काळीज चरकावं असाच तो फोटो होता. खाली लिहिलं होतं, पुलाला मुलांची डोकी लागतात, आवाज ऐका, पुढे पाठवा. ज्यांना पटलं त्यांनी भीतीनं पाठवला, आणि ज्यांना पटलं नाही त्यांनी गंमत म्हणून पाठवला. पोचायचा तो सगळीकडे सारखाच पोचला.

त्यातच वरच्या आळीतला एक पोरगा दुपारी सापडेना. सगळा गाव धावला. संध्याकाळी तो बैलगाडीखाली झोपलेला सापडला, चांगली झोप मोडली म्हणून रडत होता. पण तोवर बायकांनी शाळेतून आपापली पोरं ओढत घरी आणली होती, आणि पोरगा सापडल्यावर भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. या खेपेला सापडला म्हणून बरं, असं जो तो म्हणायला लागला.

त्या संध्याकाळी भगदाडातून कुणी आलं नाही. चहा संपला तरी हादऱ्या तिकडेच बघत बसला होता.

"चिमी कुठे आहे?"

"ताप आलाय म्हणे," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ताप होता. तिसऱ्या दिवशी ताप होता आणि भिंतीपलीकडून दोरीवरच्या उड्यांचा आवाजही येत होता. हादऱ्याला तो ऐकू आला नाही. बायकोला आला.

तिच्या वाट्याला वेगळंच आलं होतं. नळावर रांगेत तिच्या पुढची बाई सरकून जागा द्यायला लागली, मग त्या पुढचीही. सगळ्यात आधी हंडा भरून मिळायला लागला. इतका मान तिला लग्नातही मिळाला नव्हता. हंडा उचलून ती वळली की मागे बोलणं सुरू व्हायचं आणि तिनं परत वळून पाहिलं की थांबायचं. एरवी पाण्याला गेलेली बाई तासभर घरी येत नसे. आता ती लगेच घरी यायला लागली.

शेवटी ती जावेकडे गेली. भगदाडातून गेली नाही, रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं गेली. वहिनी भांडी घासत होती.

"ताप उतरला का?"

वहिनीनं मान वर केली नाही. "तुला माहितीये, ताप नाहीये ते."

"मग पाठवा की तिला. हे वाट बघत बसतात."

"पोरीनं मला काय सांगितलं माहितीये? काका म्हणतो, माझं डोकं पक्कं झालं की तोडणार."

"अहो जाऊबाई, तो खेळ आहे. तुमच्यासमोरच तर चालायचा."

"खेळ आहे, मला कळतं." वहिनीनं हातातलं पातेलं परत घासायला घेतलं, ते आधीच स्वच्छ झालेलं होतं. "पण त्या आवाजातही तेच शब्द आहेत ना. पक्की झालीत, तोडायची. मला कळतं सगळं. पण डोळा लागत नाही, त्याला मी काय करू?"

धाकटी आली तशी रस्त्यानं परत फिरली. वहिनी खोटं बोलत असती तर भांडता आलं असतं.

पूल बांधणाऱ्या कंपनीनं गावात फिरायला एक बाई नेमलेली होती. तिच्या पदाचं नाव लांबलचक होतं, गावानं ते कापून माहितीबाई केलं होतं. बातमी तिच्यापर्यंत गेली, तिच्याकडून मोठ्या साहेबांपर्यंत गेली, आणि शाळेच्या पटांगणात सभा ठरली. सभेच्या आधी घरोघरी छापील कागद वाटले गेले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पुलासाठी मुलांचे बळी दिले जात नाहीत. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे फोन नव्हते आणि ज्यांच्यापर्यंत हे अजून पोचलं नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी ते नीट कळलं.

"देत नाहीत, तर छापलं कशाला?" गिरणीवाला म्हणाला, आणि हे वाक्य कागदापेक्षा जास्त खपलं.

सभेला हादऱ्याला कंपनीनं नवं पिवळं जाकीट दिलं आणि साहेबांच्या खुर्चीमागे उभं केलं. तुमच्याच गावचा माणूस आमच्याबरोबर आहे, असं दाखवायचं होतं. समोर दादा बसला होता, थोरला. हादऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो शाळेच्या छपराची लाकडं निरखत होता. सुतार आहे, बघत असेल, असं हादऱ्यानं स्वतःला समजावलं.

साहेब चांगलं बोलत होते. काही विघ्नसंतोषी लोक, विकासाची गती, अफवांवर विश्वास ठेवू नका. विघ्नसंतोषी म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारी उठून उभी राहिली.

"एवढं सगळं नको. डोकी तोडता की नाही, तेवढं सांगा."

साहेबांनी माहितीबाईकडे पाहिलं. "तांत्रिक अर्थानं बघितलं तर..." ते म्हणाले.

"हो की नाही?"

माहितीबाईनं माइक घेतला. "हे तुमचेच आहेत. हेच काम करतात. यांनाच विचारा ना." आणि तिनं माइक हादऱ्याच्या हातात दिला.

कुणालाही वाटेल की आता सगळं सुटेल. हादऱ्यालाही वाटलं. चिमीला सांगतो तसं पहिल्यापासून सांगावं, असं त्यानं ठरवलं होतं. पण हातातला माइक थडथडायला लागला आणि कर्ण्यातून तोच खडखडाट बाहेर पडायला लागला. त्यानं दोन्ही हातांनी धरला, तो आणखीच हलला. गडबडीत त्यानं सुरुवात मधूनच केली.

"तोडतो," तो म्हणाला. "रोज तोडतो. पण पक्की झाल्याशिवाय हात लावत नाही."

त्यापुढचं कुणी ऐकलं नाही. एकदम कालवा उठला.

"हात बघा त्याचे," कुणीतरी ओरडलं. "कसे कापतायत बघा."

हे हात रोज सगळ्यांनी पाहिलेले होते. त्यांच्यावरूनच तर नाव पाडलेलं होतं. पण त्या दिवशी ते गावाला नव्यानं दिसले. साहेब गाडीत जाऊन बसले. हादऱ्या माइक धरून उभाच राहिला, तो कुणाला परत द्यायचा ते त्याला समजेना. माहितीबाईनं तो काढून घेतला आणि ती एकटीच खुर्च्या गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी गावानं साइटच्या रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या. खडीचे ट्रक परत गेले, काम थांबलं. दुपारी मुकादमाचा फोन आला.

"साहेब म्हणतात, तो आवाज तुझ्या फोनमधून बाहेर गेला."

"गेला," हादऱ्या म्हणाला.

"मग आता काम सुरू झालं तरी तू येऊ नको. मी सांगेन तेव्हा ये."

"कधी सांगाल?"

"सांगेन म्हटलं ना. ग्रुपमधूनही काढलंय तुला, राग मानू नको."

आता गाव त्याला कंपनीचा समजत होतं आणि कंपनी गावाचा. दोन्हीकडून हाकललेला माणूस जिथे बसतो तिथे, म्हणजे आपल्या ओट्यावर, तो बसून राहिला. आणि एके दिवशी बायकोनं नेहमीप्रमाणे चहा आणला, शेजारी बसून कप पुढे केला, तर त्यानं तो सहज हातात घेतला. हात स्थिर होते. थेंबही सांडला नाही. दोघं त्या हातांकडे बघत राहिली. त्याला चहा स्वतःच पिता येत होता, त्यामुळे तिला आता तिथे बसायचं कारण उरलं नव्हतं. ती थोडा वेळ बसली आणि उठून आत गेली. त्याला तिला थांब म्हणावंसं वाटलं, पण कशाला म्हणून थांब म्हणायचं ते सुचलं नाही.

त्याच आठवड्यात पलीकडून रंध्याचा आवाज यायला लागला. हादऱ्याच्या कानांना एवढं जाणवलं की कुठेतरी काहीतरी घासलं जातंय. दादाला काम मिळालेलं दिसतंय, तो बायकोला म्हणाला. सकाळी उठून पाहतो तर भगदाडात चौकट बसलेली आणि चौकटीत दार. चांगलं जाड फळ्यांचं, कडा तासून गुळगुळीत केलेलं. इतकी वर्षं राहिलेलं काम दादानं पुरं केलं होतं.

तो दाराला हात लावून उभा होता तेव्हा पलीकडून दादाचा आवाज आला. "कुत्री शिरतात रे. म्हणून."

"दादा, जोरात बोल."

दार उघडलं. दादाच्या केसांत भुसा होता. "कुत्री शिरतात, म्हटलं."

"बरं केलंस." हादऱ्यानं दाराची धार बोटानं चाचपली. "कडी तुझ्याच बाजूला आहे."

दादानं केसांतला भुसा झटकला.

"कुत्री माझ्याकडून येतात का?"

"हे बघ," दादा म्हणाला, "तू मुंगी मारणार नाहीस, मी लहानाचा मोठा केलाय तुला. पण हिला झोप नाही. पोरगी दचकून उठते. मी काय करू ते तू सांग."

"दार छान झालंय," हादऱ्या म्हणाला, आणि ते खरंच छान झालं होतं.

दादानं मान हलवली. दार लागलं, मग कडीचा आवाज झाला. तो मात्र हादऱ्याला स्वच्छ ऐकू आला. तो आत येऊन भिंतीला टेकून बसला आणि रडला. बायको चुलीपाशी होती, तिनं मान वळवली नाही, कारण वळवली असती तर तीही रडली असती आणि मग घरात सावरायला कुणी उरलं नसतं.

दोन-तीन दिवसांनी माहितीबाई आली, चालत, कारण गाडी कुणी आत सोडत नव्हतं. चपला चिखलानं भरलेल्या. वाटेत पाणीही कुणी विचारलं नव्हतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. बायकोनं तिला पाणी दिलं, मग चहा दिला.

"तो कागद मीच लिहिला," माहितीबाई म्हणाली. "वरून सांगितलं होतं, ठामपणे नाकारा. मी ठामपणे नाकारलं."

"फारच ठाम होता," बायको म्हणाली.

माहितीबाई हसली आणि तिचे डोळे भरून आले. "आता परत एक सभा घ्या म्हणतायत. या वेळी साहेबांऐवजी यांनी एकट्यानं बोलावं, पहिल्यापासून, नीट."

"नको," हादऱ्या म्हणाला.

"बोलून काय होणार आहे, बाई?" बायको म्हणाली. "ऐकून ऐकूनच तर हे सगळं झालंय. आवाज ऐकला, भाषण ऐकलं. दाखवा की एकदा डोकं तोडताना."

"कुणाला?"

"बायकांना. झोप त्यांची उडालीये."

माहितीबाईनं कप खाली ठेवला. साहेबांना पटवायला तिला बराच त्रास पडला असणार, पण तो तिनं कुणाला सांगितला नाही.

बायको परत वळसा घालून पुढच्या दारानं जावेकडे गेली. "तुम्ही चला," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर बाकीच्या येतील. आणि बघून नाही पटलं, तर ते दार राहू द्या. मी परत शब्द काढणार नाही."

वहिनीनं हात पदराला पुसले. "जवळून बघू देतील का?" तिनं विचारलं.

सकाळी बायका नदीवर निघाल्या; हादऱ्याला मुकादमानं आधीच बोलावून घेतलं होतं. बैलगाड्या त्यांनीच बाजूला करायला लावल्या, त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. मुकादमानं प्रत्येकीच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं.

"डोकं सांभाळा," तो सवयीनं म्हणाला आणि जीभ चावली. एक बाई फिस्सकन हसली, मग दुसरी.

पात्रात बांध घालून पाणी हटवलं होतं, पंपाची घरघर चालू होती. खाली उतरल्यावर ती फोटोतली ओळ समोर आली. बायका थबकल्या. मुकादमानं एका खांबाची दोरी सोडली, ओलं गोणपाट ओढून काढलं. आत करडं, खडबडीत काँक्रीट होतं, वर सळयांची टोकं निघालेली. कुणीतरी सोडलेला सुस्कारा सगळ्यांना ऐकू आला.

मुकादमानं हातोडी वहिनीच्या हातात दिली. तिनं ठोकलं.

"काय वाजलं?"

"ठण्ण," वहिनी म्हणाली.

"पक्कं. चल रे हादऱ्या."

हादऱ्यानं तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि ब्रेकर उचलला. इतक्या दिवसांनी तो जडच वाटला. पोट मशीनवर टेकवून त्यानं छिन्नी सळयांच्या मधल्या काँक्रीटवर लावली आणि खटका दाबला. सगळं अंग हलायला लागलं, दात, गाल, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा. धुरळा उडाला. बायकांनी कानांवर हात ठेवले. त्यांच्यातल्या एकीनंही त्याला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. त्याच्या बायकोनंही नाही. ती एकटीच कानांवर हात न ठेवता त्याच्या हातांकडे बघत उभी होती.

एक मोठा तुकडा निसटून खाली पडला. मशीन थांबलं. वहिनीनं वाकून त्याची कड बोटांनी दाबली, ती चुरली. आत काळपट गाळ होता, सुकलेला.

"यात तर चिखल आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच तोडतो, वहिनी."

"आणि एवढ्यासाठी..." वहिनीचं वाक्य पुरं झालं नाही. तिनं चुरलेला तुकडा रुमालात बांधला आणि हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून ती घरी निघाली. मुकादमाला मागे पळावं लागलं.

त्या दिवसानंतर गावात असं काही झालंच नव्हतं. कुणी तो आवाज पाठवलेला नव्हता, कुणी सभेत ओरडलेलं नव्हतं. न्हावी म्हणाला, मी तेव्हाच ओळखलं होतं. गिरणीवाला तर साहेबांच्या भाषणाची नक्कल करून लोकांना हसवायला लागला. माफी वगैरे मागायची पद्धत नव्हती; नळावर हादऱ्याच्या बायकोला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं आणि त्यातच तिनं काय ते समजून घेतलं. ट्रक सुरू झाले. मुकादमानं हादऱ्याला परत ग्रुपमध्ये घेतलं. आता तो आपल्या निरोपात डोकं हा शब्द टाळायला लागला, वरचा भाग म्हणायला लागला, आणि कुठला वरचा ते मजुरांना कळेना.

दादानं दार काढलं. स्क्रू एकेक करून सोडवले, फळ्या सुट्या केल्या. "याचं टेबल करतो," तो म्हणाला. "पोरीला अभ्यासाला." चौकट मात्र विटांत पक्की बसली होती, काढली तर भिंत ढासळली असती, म्हणून ती राहिली. बिजागऱ्याही राहिल्या.

संध्याकाळी हादऱ्या कामावरून आला आणि ओट्यावर बसला. हात पुन्हा पहिल्यासारखे थरथरत होते. बायको चहा घेऊन आली, शेजारी बसली, आणि तिनं कप त्याच्या ओठांशी नेला. बरं वाटलं त्याला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात चौकटीत चिमी दिसली. मागून वहिनी म्हणत होती, "जा गं, काका आहे तो." चिमी आली. उंबऱ्यासारखं काही मध्ये आहे असं समजून तिनं पाय उचलून टाकला. ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. वेण्या घट्ट बांधलेल्या होत्या.

"ये," हादऱ्या म्हणाला. "अभ्यासाला टेबल मिळणार म्हणे."

"हो."

"आज काय केलं, विचारलं नाहीस?"

चिमीनं विचारलं नाही. तिला काय वाटतंय हे हादऱ्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण माणूस आनंदात असला की त्याला कमी दिसतं. त्यानं मांडीखालचा हात काढला, बोट वाकवलं आणि ते नेहमीसारखं तिच्या डोक्याकडे नेलं.

चिमी पळाली नाही. आईनं सांगितलं होतं, काका आहे तो. ती जागच्या जागी उभी राहिली, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

"काका," ती हळूच म्हणाली, "अजून कच्चंच आहे."

हात तिथेच राहिला, तिच्या हातांपासून थोडा अलीकडे, हवेत थरथरत. बायकोच्या हातातला कपही खाली आला नाही. हादऱ्याचे कान गेलेले होते, एरवी चार वेळा सांगावं लागायचं. हे मात्र त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं.

"हो," तो म्हणाला. "कच्चंच आहे."

त्यानं हात परत मांडीखाली घेतला आणि त्यावर सगळा भार टाकून बसला. चिमीनं एक डोळा उघडून पाहिलं. मग ती म्हणाली की अभ्यास राहिलाय, आणि आली तशी त्या चौकटीतून पाय उचलून पलीकडे गेली.